व्याज नको, मग एम.टेक. कसं?

गेल्या वर्षी आमची एक जुनी विद्यार्थिनी बी.ई. झाल्याचे पेढे घेऊन आली. पुढचं विचारलं तर मान खाली घालून म्हणाली, "सर, अब्बा म्हणतात, व्याजाचं कर्ज काढायचं नाही." अब्बांचं चुकलं असं आम्ही म्हणणार नाही. चुकलं आमचं. 'गेट' परीक्षेचं नाव आम्ही तिला कधी सांगितलंच नव्हतं.

ही परीक्षा पदवीच्या तिसऱ्या वर्षापासून देता येते. अर्ज साधारण ऑगस्ट-सप्टेंबरात, परीक्षा फेब्रुवारीत. मुलींना फी निम्मी, गुण 3 वर्षं चालतात. त्यांवर मान्यताप्राप्त कॉलेजात पूर्णवेळ एम.टेक.ला प्रवेश मिळाला, की महिन्याला 12,400 रुपये विद्यावेतन मिळू शकतं. ते फेडायचं नसतं. राहण्या-जेवणाचं त्यात भागतं. कॉलेजची फी उरते. तिथे खानदानातली जकात का आठवू नये? रमजानमध्ये आपण ती दूरदूर पाठवतो, आणि गल्लीतली गरजू, हुशार पोर राहून जाते.

एम.ए., एम.एस्सी. करणाऱ्यांनी 'नेट'कडे पाहावं. मौलाना आझाद फेलोशिप 2022-23 पासून बंद झाली. पण जेआरएफ मिळाली तर पीएच.डी.ला महिना 37,000 मिळतात.

ती मुलगी यंदा गेट देते आहे. फॉर्म आम्ही शेजारी बसून भरून घेतला. अब्बांनी चहा पाजला.