जुनी खुर्ची विकण्यापूर्वीं

रत्नागिरीस १९१० सालीं थिबा राजासाठीं राजवाडा उभा राहिला, म्हणून ब्रह्मी सागवानाची कीर्ति आपल्या कानीं असते. पण येथील घरांतल्या पुष्कळ जुन्या खुर्च्या फणसाच्या. हें लांकूड कापतांना पिवळें असतें, आणि वर्षानुवर्षें उजेडांत राहून तांबूस तपकिरी होतें. विक्रीसाठीं खुर्ची उजळावी म्हणून कारागीर प्रथम रंधा हातीं घेतो, आणि तेथेंच घात होतो. दोन पिढ्यांचा रंग भुशांत जातो व खुर्ची कालची दिसूं लागते! वास्तविक जुनें लाखेचें पॉलिश स्पिरिटाच्या बोळ्यानेंही निघतें.

सांधा खिळखिळा झाला तर खिळा मारूं नये. जुना सरस वाफेनें सुटतो. सांधा उघडून नवा सरस भरावा. वेत भिजवून विणावा, म्हणजे वाळतांना तो आपोआप ताणला जातो. गादींत काथ्या भरावा. पॉलिश मात्र पावसाळ्यांत नको, दमट हवेनें त्यावर पांढुरकी झांक येते. (गिऱ्हाईक नेमकें आषाढांतच घाई करतें!)

पायाला कीड असली तर भोकें मेणानें बुजवून विकणें सोपें. पण तो पाय पुढें मोडतो तेव्हां खुर्चींत बहुधा घरांतलें वृद्ध माणूस बसलेलें असतें. पाय बदलावा, आणि किंमत सांगतांना तेंही सांगावें.