जुनी जीप आणि काळे रान



विंचूर, लासलगाव, निफाड या टापूतली काळी जमीन कांद्याला मानवते, पण मोटारीला मुळीच मानवत नाही. उन्हाळ्यात तिला मनगट शिरेल अशा भेगा पडतात, आणि पाऊस मुरला की तीच जमीन फुगते, मऊ होते, लोण्यासारखी निसटते आणि डिंकासारखी चिकटते. एकाच वेळी निसरडी आणि चिकट अशी वस्तू जगात फार नसेल. पण आपल्या शेतकऱ्याला तिचे नवल नाही. डांबरी सडक वस्तीपासून अर्ध्या किलोमीटरवर असते. मार्च महिन्यात ते अंतर पाच मिनिटांचे असते. श्रावणात मात्र तेवढ्याच पाणंदीतून एखादी अवघडलेली बाई किंवा तापाने फणफणलेले पोर बाहेर काढायचे म्हणजे चार माणसांना खांदा द्यावा लागतो. ट्रॅक्टर जातो, नाही असे नाही. पण ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत आजारी माणूस निजवून पाहा, मग कळेल.

म्हणून जुन्या जीपगाडीची हौस ही मला नुसती हौस वाटत नाही. तरुण मंडळी ती घेतात सातमाळ्याच्या डोंगराकडे भटकायला, धोडप किंवा अंकाई-टंकाईच्या पायथ्याची कच्ची वाट चढायला. घेऊ द्या. गाडी नीट बांधलेली असली तर तीच गाडी पावसाळ्यात वस्तीवरच्या माणसाच्या उपयोगी पडते. आणि वाईट बांधलेली असली तर दोन्ही ठिकाणी जीव घेते. ती नीट कशी बांधायची, हाच आजचा विषय.

ही गाडी मुळात आली लढाईतून. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या विलीज आणि फोर्ड या दोन कारखान्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बांधल्या. 1945 साली स्थापन झालेल्या महिंद्र कंपनीने युद्धानंतर विलीजच्या जीप आपल्याकडे आणल्या आणि पुढे मुंबईत त्यांची जुळणी सुरू केली. उंच बॉनेटची जी जीप आपण लहानपणापासून पाहत आलो, ती सीजे-3बी. तिचे इंजिन उंच, म्हणून बॉनेट उंच, शोभेसाठी नव्हे. अमेरिकेत ही गाडी 1953 ते 1968 अशी निघाली, आपल्याकडे तिचा वंश पुढे कितीतरी वर्षे चालला. डिझेल इंजिने आली, 540, मेजर अशी नावे आली, आणि 2010 साली थार आली. कंपनीचा मोटारींचा कारखाना आपल्या नाशकात आणि इंजिनांचा इगतपुरीला. त्यामुळे या गाडीची नाडी ओळखणारा मिस्त्री आपल्या जिल्ह्यात शोधायला लांब जावे लागत नाही. जुनी गाडी घेताना ही गोष्ट लहान समजू नका.

आता या गाडीत विशेष ते काय? साध्या मोटारीत इंजिनाचा जोर दोन चाकांना मिळतो. जीपमध्ये गिअरबॉक्सच्या मागे आणखी एक पेटी असते, तिला ट्रान्सफर केस म्हणतात. तिच्या एका दांड्याने पुढची चाके जोडली जातात, दुसऱ्याने 'लो' गिअर पडतो. पुष्कळांना पहिला दांडा ठाऊक असतो. खरी करामत दुसऱ्याची आहे. हिशेबच करू या. सीजे-3बीच्या पहिल्या गिअरची घट साधारण 2.8, कण्यातली घट 5.38. गुणाकार करा : पंधरा. म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनाचे पंधरा फेरे. इंजिन मिनिटाला 1500 फेरे घेत असेल तर गाडी ताशी साडेतेरा किलोमीटर जाईल. दगडधोंड्यांच्या चढावर हा वेग जीवघेणा आहे. आता 'लो' टाका. त्याची घट 2.46. एकूण झाली सदतीस. तेच इंजिन, तेच फेरे, पण गाडी चालते ताशी साडेपाच किलोमीटर, म्हणजे माणसाच्या चालीने, आणि चाकातला जोर झाला अडीच पट. चढताना हे कामाचे, पण उतरताना त्याहून कामाचे. उतारावर लो पहिला टाकून क्लचवरचा पाय काढून ठेवावा. इंजिनच गाडीला मागे ओढून धरते. ज्याने उतारावर क्लच दाबला, त्याने कासरा सोडून दिला म्हणायचे.

एक सावधगिरी इथेच सांगतो. या जुन्या जीपमध्ये पुढचा कणा आणि मागचा कणा यांच्यामध्ये डिफरन्शियल नसतो. वळणावर पुढची चाके मोठा फेर घेतात, मागची लहान. चिखलात चाके थोडी घसरतात आणि हिशेब आपोआप जुळतो. डांबरी सडकेवर ती घसरत नाहीत. मग सगळा पीळ शाफ्टात आणि गिअरात साठतो, स्टिअरिंग जड होते, दांडा अडकून बसतो. तेव्हा सडकेला लागल्याबरोबर फोर बाय फोर काढायचे. दांडा निघत नसेल तर हातोडी मारू नका. गाडी चार हात सरळ मागे घ्या, पीळ सुटतो.

विंचूर हे विठ्ठल शिवदेव विंचूरकरांचे गाव, पानिपताच्या 1761 च्या रणात असलेल्या सरदाराचे. घोडदळाचे गाव म्हटले तरी चालेल. घोडा पारखणारा माणूस आयाळ आणि रंग पाहत नाही, आधी खूर आणि सांधे पाहतो. जुन्या जीपचे तसेच आहे. रंग, दिवे, टप हे शेवटी. प्रथम गाडीखाली सतरंजी टाकून निजा आणि चॅसी पाहा. स्टिअरिंगची पेटी जिथे बसते तिथे, पाट्यांचे शॅकल जिथे लागतात तिथे आणि आडव्या पट्ट्यांच्या जोडावर चॅसीला तडे जातात. तडा गेला म्हणून बिघडत नाही, तो कसा सांधला आहे ते महत्त्वाचे. नुसता वेल्डिंगचा थर ओढलेला असेल तर तो शेजारी पुन्हा फुटणार. तड्याच्या टोकाला भोक पाडून, मग सांधून, वरून पट्टी दिली असेल तर काम जाणत्या माणसाचे. त्यानंतर पुढचे चाक जॅकवर उचलून वर-खाली हलवून पाहा. किंगपिन आणि बेअरिंग किती झिजले आहेत ते हाताला कळते. चॅसी क्रमांक आणि इंजिन क्रमांक कागदाशी जुळतात की नाही, हेही त्याच वेळी पाहावे. जुळत नसतील तर गाडी कितीही देखणी असो, नमस्कार करून परत यावे.

आणि मग ब्रेक. इथे मी थोडा जास्त वेळ घेणार आहे. जुन्या जीपला चारही चाकांना ड्रम ब्रेक, आणि पुष्कळशा गाड्यांत मास्टर सिलिंडर एकेरी असतो. म्हणजे चारांपैकी कुठल्याही एका नळीला गळती लागली की चारही चाकांचा ब्रेक एकदम जातो. वीस वर्षे परसात उभी असलेली गाडी घेतली तर रबरी नळ्या, सिलिंडरची रबरे आणि लोखंडी नळ्या सरसकट नव्या घालाव्यात. 'अजून चालेल' हा शब्द या एका बाबतीत मिस्त्रीच्या तोंडून ऐकून घेऊ नये.

हँडब्रेकचे तर वेगळेच आहे. विलीजच्या बनावटीत तो चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागे, शाफ्टावर असतो. त्यामुळे होते काय, की मागचे एक चाक जॅकवर उचलले तर हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी सरकू शकते. शाफ्ट धरलेला आहे, पण डिफरन्शियलमुळे जमिनीवरचे चाक एकीकडे आणि वर उचललेले चाक दुसरीकडे फिरायला मोकळे! चाक बदलताना गाडीखाली हात घातलेला माणूस अशा वेळी सापडतो. तेव्हा जॅक लावण्याआधी उरलेल्या चाकांना पुढून-मागून मोठे दगड लावल्याशिवाय खाली वाकायचे नाही. घरातल्या पोरांनाही हे शिकवून ठेवा.

एवढे झाले म्हणजे मग टायर. हल्ली आधी मोठे टायर, मग गाडी उचलणे, आणि ब्रेक राहिलेच तर बघू, असा क्रम दिसतो. याचा परिणाम काय होतो पाहा. मूळ टायर साधारण 28 इंच उंचीचा. त्या जागी 33 इंची घातला की सगळ्या गिअरांची घट शेकडा पंधराच्या आसपास वाया गेली. मघाशी लो गिअरचे कौतुक केले, त्याचा मोठा वाटा टायरच खाऊन बसला. ब्रेकचा ड्रम तेवढाच, पण त्याला आता मोठे आणि जड चाक थांबवायचे आहे. शिवाय मीटर कमी वेग दाखवतो ते निराळेच.

आमच्या काळ्या रानात तर रुंद टायरचा मोह फसवा आहे. वाळूत रुंद टायर तरंगतो, हे खरे. पण पाणंदीत वरचा एक वीतभर रेंदा आणि खाली घट्ट जमीन असेल, तर अरुंद टायर रेंदा कापून खालची जमीन धरतो. बैलगाडीची अरुंद धाव हेच करते. टायरच्या नक्षीत मोकळी जागा मात्र हवी, नाहीतर माती भरून टायर गुळगुळीत गोळा होतो. नदीकाठच्या खोल काळीत तळच लागत नाही; तिथे कुठलाच टायर उपयोगी नाही, तिथे चालत जावे. मऊ जमिनीत हवा कमी केली तर टायर पसरतो आणि पकड वाढते. नेहमीच्या 26-28 पौंडांवरून 18 पौंडांपर्यंत यायला हरकत नाही. पण ट्यूबचा टायर असेल तर फार खाली उतरू नये, टायर रिमवर सरकतो आणि ट्यूबचे व्हॉल्व्ह उपटून निघते. सडकेवर येण्याआधी हवा पुन्हा भरायची. म्हणून गाडीत पंप हवा.

गाडी उचलण्याविषयीही असेच. जीपच्या डाव्या-उजव्या चाकांत अंतर जेमतेम चार फूट, म्हणजे मधल्या रेषेपासून दोन्हीकडे चोवीस इंच. समजा तिचा भारमध्य जमिनीपासून 25 इंचांवर आहे. तर उभी गाडी कुशीवर साधारण 44 अंश कलली की उलटते. तीच चार इंच उचलली की कोन 40 अंशांच्या खाली येतो. ही कागदावरची गोष्ट झाली. चालत्या गाडीचे एक चाक दगडावर चढले आणि दुसरे खड्ड्यात गेले की खूप आधीच कारभार आटोपतो. शिवाय उचललेल्या गाडीत शाफ्टाचा कोन वाढून क्रॉस लवकर झिजतो, आणि स्टिअरिंगचा दांडा तिरका झाल्याने प्रत्येक खड्ड्याला गाडी आपोआप एका बाजूला ओढते. मूळ पाटे उतरवून, तुटलेले पान बदलून, नवे बुश आणि चांगले शॉक ॲब्सॉर्बर घातले तर गाडी तिच्या मूळ उंचीवर येते. पुष्कळदा तेवढेच तिला हवे असते! वाचलेल्या पैशांत डोक्यावर जाड पाइपाची चौकट करा, ती पत्र्याला नव्हे, खाली चॅसीला धरलेली. आणि आसनांना पट्टे.

चार चाकांची गाडी मग अडकते तरी का? डिफरन्शियल हा सज्जन प्राणी आहे. ज्या चाकाला विरोध कमी, त्याला तो फिरू देतो. पुढचे डावे आणि मागचे उजवे चाक हवेत लोंबले की ती दोन गरगरतात आणि उरलेली दोन शांत उभी राहतात. लॉकर बसवला म्हणजे एका कण्याची दोन्ही चाके बांधली जातात आणि गाडी निघते. तो महाग. तोवर फावडे, दोन फळ्या आणि सोबत एक मित्र. चाक फिरते आहे आणि गाडी हलत नाही असे दिसल्याबरोबर पाय काढा. ॲक्सिलेटर दाबत राहिलात तर चाकाने स्वतःचीच विहीर खणली समजा.

ओढून काढताना दोर चॅसीला पक्क्या बसवलेल्या हुकालाच लावावा, बंपरला नाही. ताणलेला दोर तुटला किंवा हुक उपटला तर तो गोफणीच्या गोट्यासारखा येतो. दोरावर मधोमध एखादी जड गोणपाटाची घडी टाकावी आणि बघ्यांना दोराच्या लांबीहून अधिक दूर उभे करावे. आपल्याकडे बघे पुष्कळ जमतात आणि नेमके दोराजवळ जमतात.

कायद्याचे दोन शब्द. नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी गाडी दाखवून नूतनीकरण. मोटारवाहन कायद्याच्या 52 व्या कलमाप्रमाणे कारखान्याने दिलेल्या मूळ तपशिलात मनमानी बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हे पुन्हा बजावले आहे. इंजिन बदलायचे तर आधी परिवहन कार्यालयाची मंजुरी. म्हणजे मी मघापासून जे सांगतो आहे, की गाडी मूळ रूपात सुदृढ करा, तेच कायद्यालाही धरून आहे. आणि गाडी चढते म्हणून ती कुठेही घालायची नाही. नांदूर मध्यमेश्वरचा पाणथळ भाग पक्ष्यांचा आहे, त्याला रामसर यादीत स्थान आहे. वनखात्याची जमीन, गडाचा दरवाजा आणि शेजाऱ्याचे कांद्याचे रोप, या तिन्ही ठिकाणी आपले चाक नको.

राहिले पाणी. ओढा ओलांडण्याआधी काठी घेऊन स्वतः चालून पाहावे. वाहते पाणी गुडघ्याला लागले तरी हलक्या जीपला ढकलते; गढूळ आणि चढते पाणी असेल तर गाडी काठावर ठेवून थांबावे, मग मागे पेशंट असला तरी. संथ पाण्यातून जाताना भीती असते इंजिनाने पाणी ओढण्याची. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये घोटभर शिरले तरी कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्यात इंजिन बंद पडले तर पुन्हा सेल्फ मारू नये. गाडी ढकलून बाहेर काढावी, हवेची नळी आणि एअर क्लीनर उघडून पाहावे, आणि आत पाणी दिसले तर मिस्त्रीला बोलवावे. बाहेर आल्यावर ब्रेक हलके दाबून ठेवत थोडे चालवावे, म्हणजे लायनर वाळतात.

आणि एक चोरवाट लक्षात ठेवा. चालून चालून कण्याचे हाउसिंग तापलेले असते. ते एकदम गार पाण्यात बुडाले की आतली हवा आकसते आणि श्वासाची नळी चिखलाने बुजलेली असली, तर सीलच्या कडेने पाणी आत ओढले जाते. त्या दिवशी काही कळत नाही. ही नळी लांब रबरी नळीने बॉनेटखाली उंच नेऊन ठेवावी. खर्च फार नाही. तरीही ओढ्यातून आल्यावर, गाडी रात्रभर उभी राहू द्यावी आणि सकाळी हलवण्याआधी हाउसिंगची खालची बुची थोडी सैल करावी. पाणी तेलाहून जड, ते तळाला बसलेले असते, तेच आधी येते. तेल दुधट, चहासारखे दिसले तर पुढची फेरी रद्द करून पुढचे, मागचे आणि ट्रान्सफर केसचे तेल त्याच दिवशी बदलावे.