हाडात भरतात ती भुकटी कसली?

दात काढल्यावर किंवा हाडातली गाठ काढल्यावर डॉक्टर म्हणतात, "पोकळी राहिली आहे, बोन ग्राफ्ट भरावा लागेल." ऐकणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न येतो, हे हाड कोणाचे? पुष्कळदा ते कोणाचेच नसते. ती कारखान्यात तयार केलेली सिरॅमिक भुकटी असते.

रुग्णाच्याच कमरेच्या हाडाचा तुकडा काढून बसवणे ही जुनी पद्धत आजही उत्तम मानली जाते. पण त्यासाठी दुसरी जखम सोसावी लागते आणि हाडही मोजकेच मिळते. म्हणून पर्याय शोधले गेले. आपल्या हाडाच्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग कॅल्शियम-फॉस्फेटच्या खनिजाचा असतो. तशीच खनिजे कृत्रिमरीत्या बनवली, तर शरीर सहसा त्यांना परके मानत नाही. त्यांपैकी हायड्रॉक्सिॲपेटाइट वर्षानुवर्षे टिकते, तर ट्रायकॅल्शियम फॉस्फेट तुलनेने लवकर विरघळते.

तिसरा पदार्थ म्हणजे चक्क काच! १९६७ साली व्हिएतनामहून परतलेल्या एका लष्करी अधिकाऱ्याने अमेरिकेतील काचतज्ज्ञ लॅरी हेंच यांना विचारले, शरीर नाकारणार नाही असा पदार्थ तुम्ही का बनवत नाही? १९६९ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठात हेंच यांनी सिलिका, सोडियम, कॅल्शियम व फॉस्फरस यांची काच बनवली. उंदरांच्या मांडीच्या हाडात बसवलेले तिचे तुकडे सहा आठवड्यांनी ओढूनही निघेनात. हाड काचेला घट्ट जुळले होते.

असे का घडते? शरीरातील द्रवात काचेतले सोडियम बाहेर पडते, पृष्ठभागावर सिलिकाचा मऊ थर येतो आणि त्यावर हाडासारखेच खनिज साचते. हाड घडवणाऱ्या पेशी तिथे चिकटून कामाला लागतात.

थोडक्यात, ही भुकटी म्हणजे वेलीसाठी घातलेला मांडव. वेल वाढायची ती आपल्याच मुळांवर. त्यामुळे जागेला रक्तपुरवठा चांगला हवा आणि काही महिने धीर धरायला हवा. धूम्रपान आणि आटोक्यात नसलेला मधुमेह यांमुळे हाड भरायला अडथळा येतो. शिवाय सिरॅमिक ठिसूळ असते. भार पेलणाऱ्या हाडात प्लेट किंवा स्क्रूचा आधार लागू शकतो.

तेव्हा होकार देण्यापूर्वी डॉक्टरांना तीन गोष्टी जरूर विचाराव्यात : पदार्थ कोणता, तो विरघळणारा आहे का, आणि त्या जागेवर भार कधीपासून द्यायचा?