यवनांचे खांब आणि मावळची दप्तरं

जगाचा इतिहास शिकवायचा म्हणजे फळ्यावर नाईल, तैग्रिस, सिंधू आणि ह्वांग हो काढायच्या, मग ग्रीस-रोम उरकायचं आणि व्हर्सायच्या आरसेमहालात येऊन वही मिटायची, असा शिरस्ता आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. पण पुण्याजवळच्या मावळात मळवली स्टेशनावर उतरून घटकाभर चाललं तर ग्रीस-रोमच्याच कालखंडाचा अस्सल पुरावा उघड्यावर उभा असलेला दिसतो. तो सोडून पोरांना सीझरच्या सनावळ्या घोकायला लावणं हा निव्वळ करंटेपणा आहे.

आरंभीच्या संस्कृतींसाठी मात्र मावळाबाहेर जावं लागतं. पुणे जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, घोड नदीकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजनं १९६८ पासून पंधरा वर्षं उत्खनन केलं. इ.स.पू. १६०० ते ७०० या काळातलं शेतकऱ्यांचं गाव तिथं निघालं. पाटाचं पाणी होतं, धान्याची कोठारं होती आणि घराच्या जमिनीखाली, तोंडाला तोंड लावलेल्या दोन मडक्यांत पुरलेली तान्ही मुलं होती. तिकडे इजिप्तमध्ये तुतनखामेनला सोन्यानं मढवून पुरलं, ते याच काळात. एकाच तासात या दोन दफनांची गोष्ट सांगितली, की राज्यसंस्था म्हणजे काय हे वेगळं शिकवावं लागत नाही.

आता कार्ल्याचं बौद्ध लेणं. इथं प्रस्तुत लेखकाची लेखणी सैल सुटणार, हे जुन्या वाचकांना ठाऊक आहेच.

एकवीरेचं दर्शन घेऊन माणसं शेजारच्या चैत्यात डोकावतात, ‘केवढं मोठं!’ म्हणतात आणि उतरतात. मोठं आहेच; सुमारे १२४ फूट लांब आणि ४५ फूट उंच. छताच्या लाकडी फासळ्या दोन हजार वर्षांच्या आहेत. वैजयंतीच्या, म्हणजे कर्नाटकातल्या बनवासीच्या, भूतपाल नावाच्या शेठजीनं हे शैलगृह जंबुद्वीपात सर्वोत्तम असल्याचं कोरून ठेवलं. जाहिरात म्हणा हवं तर, पण खोटी नाही. खरी मौज खांबांवर आहे. एमिल सेनार या फ्रेंच पंडितानं विसाव्या शतकाच्या आरंभी इथले लेख नव्यानं वाचून छापले. त्यांत एकामागून एक खांब धेनुकाकट गावच्या यवनांनी, म्हणजे ग्रीकांनी, दिलेला निघतो. त्यांची नावं सिंहध्वज, धर्म, यशोवर्धन अशी. त्याच गावचा एक सुगंधी द्रव्यांचा व्यापारी दाराचा खर्च उचलतो, एक सुतार आपलं नाव घालतो आणि सोपाऱ्याचा एक भिक्षू स्तंभ देतो. खांबांच्या माथ्यावर उपड्या घंटेसारखा घाट आणि वर पाठीला पाठ लावून बसलेले प्राणी आहेत. या घाटाचं कूळ अशोकाच्या स्तंभांमार्गे पर्सिपोलिसपर्यंत नेता येतं.

हे यवन इथं आले कशाला? मोसमी वाऱ्यांवर तांबड्या समुद्रातून जहाजं कोकणात यायची. ‘पेरिप्लस’ या त्या काळच्या ग्रीक सागरी मार्गदर्शिकेत कल्याण, पैठण, तेर यांची नावं आहेत. बंदरावरून माल वर चढवायचा तर बोरघाटासारख्या वाटा हव्यात. कार्ला, भाजे आणि बेडसे ही लेणी त्याच वाटांच्या माथ्यावर कोरलेली आहेत. हिंदुस्थान दरसाल पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो, असं रोमचा प्लिनी इकडे चैत्य कोरले जात होते त्याच शतकात लिहीत होता. त्याच्या तक्रारीची पावती इथं दगडावर आहे.

धेनुकाकट कुठं होतं यावरून पंडितांची जुनी हाणामारी आहे. कोणी ते थेट आंध्रात नेऊन ठेवतो, कोणी किनाऱ्यावर. इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबींनी मात्र ते कार्ल्याच्या परिसरातच शोधलं. हा माणूस पायी हिंडणारा. टेकड्यांवर सूक्ष्म दगडी हत्यारं वेचायची, वेताळाची नि आयाबायांची ठाणी नोंदवायची, मेंढरांच्या वाटा विचारायच्या आणि मग अनुमान काढायचं, ही त्यांची रीत. त्यांचं स्थाननिर्णयन सगळ्यांना पटलं नाही, न पटो. पण ते खोडून काढणाऱ्यांतले काहीजण घाट कधी पायी चढले असतील, अशी शंका त्यांचं लिखाण वाचून येते.

कार्ल्यात आणखी एक धडा आहे. नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात इथल्या भिक्षूंना करजिक गाव देतो. पुढं सातवाहन क्षत्रपांना हरवतात आणि तेच गाव भिक्षुजमिनीच्या सवलतींसह पुन्हा त्याच संघाला देतात. आज्ञा सुटते ती मामालच्या, म्हणजे आपल्या मावळच्या, अमात्याला. राजवट बदलली तरी मठाचा जमिनीवरचा हक्क टिकतो, हे युरोपातले मठ शिकवताना कामी येईल.

मधली हजार-बाराशे वर्षं भराभर जाऊ द्यावीत. राष्ट्रकूट, यादव, बहमनी ही यादी कोणत्याही गाइडात सापडेल. थांबायचंच तर पंधराव्या शतकाच्या अखेरीपाशी थांबावं. मावळातला लोहगड निजामशाहीच्या मलिक अहमदच्या हाती आला आणि मागोमाग वास्को द गामा कालिकतला उतरला. १५०८ साली घाटाखालच्या चौलला इजिप्तच्या नि गुजरातच्या आरमारानं पोर्तुगीज व्हाइसरॉयच्या मुलाला मारलं. घाटमाथ्याचं राजकारण तेव्हापासून समुद्राशी बांधलं गेलं.

मग अनियंत्रित राजसत्तेचं युग. १६६१ मध्ये फ्रान्सच्या चौदाव्या लुईनं कारभार स्वतःच्या हाती घेतला. इकडे १६६५ च्या पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांचे लोहगड, विसापूर, तुंग आणि तिकोना मोगलांकडे गेले. तेव्हा मोगल सेनापती जयसिंगाच्या छावणीत व्हेनिसचा मनुची तोफखान्यावर होता. लोहगड १६७० मध्ये परत आला. सुमारे त्याच वेळी फ्रेंच प्रवासी फ्रान्स्वा बर्निएचं लुईचा मंत्री कोल्बेर याला लिहिलेलं पत्र पॅरिसात छापलं गेलं. हिंदुस्थानात सारी जमीन बादशहाची, रयतेला मालकी ठाऊकच नाही, असा त्याचा सिद्धांत. १८५३ मध्ये मार्क्ससुद्धा त्यावर भाळला आणि आपले काही विद्वान अजून तेच उगाळतात.

पवन मावळ, नाणे मावळ किंवा अंदर मावळातल्या देशमुखाला हे कोणी ऐकवलं असतं, तर तो खो खो हसला असता. वतनासाठी इथं भावाभावांनी मुडदे पाडले, गोतसभा भरवल्या, महजर म्हणजे त्या सभांचे लेखी निवाडे करून घेतले. शिवाजी महाराजांनी वतनदारांचे कोट-वाडे पाडले, हे बखरकार सभासद सांगतो. कोल्हापूरकरांसाठी लिहिलेल्या आज्ञापत्रात रामचंद्रपंत अमात्य वतनदारांना राज्याचे वाटेकरीच मानतात. लुईनं सरदारांना व्हर्सायला नेऊन दरबारी रिवाजात गुंतवलं. इथं वाडे पाडूनही वतन पुरतं मोडलं नाही, उलट राजाराम महाराजांच्या काळात पुन्हा वाटलं गेलं. लुईला जमलं ते इथं का जमलं नाही, हा प्रश्न परीक्षेत कधी आलेला नाही.

आता लोणावळ्याला शाळांच्या सहलींच्या बसगाड्या येतात, मेणाचे पुतळे पाहतात, चिक्की घेतात आणि धरणावर भिजून परततात. पावसाळ्यात शनिवार-रविवारी भाज्याच्या पायथ्याशी गाडी लावायला जागा मिळत नाही, पण कार्ल्याच्या ब्राह्मी लेखाखाली उभं राहून ‘यवन’ ही अक्षरं ओळखणारा गडी शोधून सापडत नाही. वतनाच्या भांडणांचे मोडी कागद पुण्याच्या दफ्तरखान्यात रुमालांत बांधलेले आहेत. मोडी वाचणारे दरवर्षी कमी होताहेत, आणि बर्निएला उत्तर देणारे महजर त्याच रुमालांत आहेत.