भांडण हवेत, मूळ जमिनीवर

डिसेंबर २०२२. इस्तंबूलहून दिल्लीला येणाऱ्या इंडिगोच्या विमानात जेवणावरून वाजलं. आपण कर्मचारी आहोत, प्रवाशाची नोकर नाही, असं ठणकावणाऱ्या एअर होस्टेसचा व्हिडिओ देशभर फिरला आणि लोकांनी लगेच बाजू वाटून घेतल्या. कंपनीचा खुलासा मात्र मागेच राहिला: दुसऱ्या एअरलाइनबरोबरच्या सामायिक तिकिटावर आलेल्या काही प्रवाशांच्या जेवणाचा तो प्रश्न होता. तिकीट एकाचं, विमान दुसऱ्याचं, आणि बोलणी खायला समोर ट्रॉली घेऊन उभी असलेली मुलगी. विमानातली बरीच भांडणं अशीच असतात. ज्याने निर्णय घेतला तो विमानात नसतोच.

“पैसे भरलेत, मग मागू ते द्यायला नको?” हे वाक्य ज्या गैरसमजातून येतं तो असा, की केबिन क्रू म्हणजे वाढपी. प्रत्यक्षात विमानात किती क्रू हवेत हे जेवणाच्या ताटांवरून ठरत नाही. साधारण पन्नास आसनांमागे एक, असा सुरक्षेचा नियम आहे. म्हणून १८० आसनांच्या एअरबस ए-३२० मध्ये चार जण दिसतात. विमानाच्या मॉडेलला मान्यता मिळवायची, तर अंधारात, निम्मे दरवाजे बंद ठेवून, भरलेलं विमान ९० सेकंदांत रिकामं होतं हे दाखवावं लागतं. चहा दिला नाही तरी विमान उडेल. क्रूची ठरलेली संख्या भरली नाही तर ते जागचं हलणार नाही.

या कामाची सुरुवातच मुळी नर्सपासून झाली. १९३० मध्ये अमेरिकेत एलेन चर्च ही पहिली स्ट्युअर्डेस विमानात चढली, ती प्रशिक्षित परिचारिका होती. ‘हवाई सुंदरी’चं हसरं चित्र पुढे जाहिरातवाल्यांनी रंगवलं, आणि त्याची किंमत बायकांनी मोजली. एअर इंडियात पहिल्या गरोदरपणाला नोकरी संपत असे. नर्गेश मिर्झा खटल्यात १९८१ साली सर्वोच्च न्यायालयाने तो नियम मोडीत काढला. नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न करायचं नाही, ही अट मात्र तशीच ठेवली.

दुसरी तक्रार नेहमीची: “मुद्दाम छळतात. खिडकी उघडा, सीट सरळ करा, पर्स वर ठेवा.” आता एकेक पाहू. उड्डाण आणि उतरण्याच्या वेळी खिडकीची झडप वर हवी, कारण दार उघडण्याआधी बाहेर आग कुठल्या बाजूला आहे ते दिसायला हवं. रात्री दिवे मंद करतात ते डोळ्यांना आधीच अंधाराची सवय व्हावी म्हणून. सीट मागे रेललेली असेल, तर अडचण तुमची नाही, मागच्या रांगेत खिडकीशी बसलेल्याची होते. त्याला बाहेर पडायला वाटच उरत नाही. इमर्जन्सी एक्झिटच्या रांगेत पायाशी ठेवलेल्या पर्सचा पट्टा धुरात कुणाच्याही पायात अडकू शकतो. २ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचं विमान धावपट्टीवर दुसऱ्या विमानाला धडकून पेटलं. आतले ३७९ जण जिवंत बाहेर आले. त्यामागचं एक मोठं कारण म्हणजे क्रूने सामान सोडा म्हटलं आणि लोकांनी सोडलं. आपल्याकडे चाकं थांबायच्या आत वरचे कप्पे खटाखट उघडतात, त्यावरून काय ते समजा.

“उशीर झाला तर त्यांना काय, पगार चालूच!” हेही खरं नाही. बऱ्याच एअरलाइन्समध्ये क्रूचा उड्डाणभत्ता विमान हलल्यापासून मोजतात. तुम्ही चढता, बॅगांवरून हुज्जत घालता, तो वेळ अनेक ठिकाणी त्यात धरतच नाहीत. ऑगस्ट २०२५ मध्ये एअर कॅनडाचे सुमारे दहा हजार केबिन क्रू संपावर गेले, तेव्हा जमिनीवरच्या या बिनपगारी वेळेचा मुद्दा आघाडीवर होता. आणि उशीर फार लांबला की क्रूची आणि वैमानिकांची ड्यूटीची मर्यादा संपते; मग दुसरे आल्याशिवाय विमान निघूच शकत नाही. जानेवारी २०२४ मध्ये धुक्याने रखडलेल्या दिल्ली–गोवा विमानात आणखी उशिराची घोषणा करणाऱ्या सहवैमानिकाला एका प्रवाशाने धावत जाऊन मारलं. राग समजतो. पण धुकं काही त्याने पाडलं नव्हतं.

“होऊन होऊन काय होईल?” बरंच काही. मार्च २०१७ मध्ये पुणे–दिल्ली विमानात उस्मानाबादचे तेव्हाचे खासदार रवींद्र गायकवाड यांनी एअर इंडियाच्या अधिकाऱ्याला चपलेने मारलं आणि ते स्वतःच कॅमेऱ्यासमोर सांगितलं. हातात बिझनेस क्लासचं तिकीट होतं, विमानात बिझनेस क्लासच नव्हता. इथेही मूळ जमिनीवरच. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये विमान वाहतुकीचं नियमन करणाऱ्या डीजीसीएने नो-फ्लाय यादीचे नियम आणले. शिवीगाळ आणि दारूच्या नशेतला गोंधळ यांना तीन महिन्यांपर्यंत बंदी, अंगावर हात टाकला तर सहा महिन्यांपर्यंत, जिवाला धोका होईल असं वागलात तर किमान दोन वर्षं. वैमानिक थेट शिक्षा ठोठावतो असं मात्र नाही. निवृत्त जिल्हा न्यायाधीशाच्या अध्यक्षतेखालची समिती तीस दिवसांत निर्णय देते आणि त्यावर अपील करता येतं. पोलिसात गुन्हा दाखल झाला तर तो वेगळा.

मग क्रूचं सगळं बरोबरच असतं का? मुळीच नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये न्यूयॉर्क–दिल्ली विमानात एका दारू प्यायलेल्या पुरुषाने सहप्रवासी महिलेवर लघवी केल्याची तक्रार झाली. ते प्रकरण इतकं वाईट हाताळलं गेलं की डीजीसीएने एअर इंडियाला ३० लाखांचा दंड केला आणि मुख्य वैमानिकाचा परवाना तीन महिन्यांसाठी निलंबित केला. क्रूला अधिकार असतो म्हणजे त्याचा जाब कुणी विचारत नाही, असं नव्हे. दारूचं म्हणाल, तर देशांतर्गत विमानात ती मिळत नाहीच. आंतरराष्ट्रीय विमानातही ड्यूटी-फ्रीची बाटली स्वतःच फोडून प्यायला परवानगी नसते, कारण कुणी किती घेतली याचा हिशेब क्रूला ठेवावा लागतो. शिवाय केबिनमधली हवा कळसूबाईच्या माथ्यापेक्षाही उंचावरच्या हवेइतकी विरळ असू शकते. तिथे थकवा लवकर येतो, तहानही लवकर लागते, घोट मात्र जमिनीवरच्याच हिशेबाने घेतले जातात.

राहिला प्रश्न खऱ्या गैरसोयीचा. मुंबई–नागपूरसारख्या छोट्या पल्ल्याच्या विमानाला दोन तासांहून जास्त उशीर झाला, तर विमानतळावर खाणंपिणं देणं एअरलाइनला बंधनकारक आहे. सहा तासांवर गेला तर दुसरं विमान किंवा पूर्ण परतावा. हे मागायचं एअरलाइनच्या काउंटरवर. तिथे दाद लागली नाही तर कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे, मग सरकारच्या ‘एअरसेवा’ पोर्टलवर, बोर्डिंग पासचा फोटो आणि वेळा लिहून. दरवाजा बंद झाल्यावर आत असलेल्या क्रूच्या चौघांकडे यातलं काहीच नसतं, ना परताव्याचे पैसे, ना दुसरं विमान.