बेवारस गाडीलाही मालक असतो

चारही टायर बसलेले, वायपरखाली पानं कुजलेली, टपावर मांजर पहुडलेलं आणि काचेवरच्या धुळीत कुणीतरी बोटाने काढलेला बदाम. अशी एखादी गाडी पुण्या-मुंबईच्या कितीतरी गल्ल्यांत दिसते. सोसायटीच्या सभेत दर वर्षी तिचा विषय निघतो, तक्रार मात्र कुणी करत नाही. उगाच कुणाचा वाईटपणा घ्या कशाला!

मालक असतोच. नंबरप्लेट शाबूत असेल तर त्याचं नाव आरटीओच्या नोंदीत सापडतं. प्लेट काढून नेली असेल, तर चासी नंबरवरून शोध घेता येतो. कुणाचे कर्जाचे हप्ते थकलेले असतात, कुणाला अपघातानंतरची दुरुस्ती परवडत नाही, तर कुठे मालक वारलेला असतो आणि मुलांनी गाडी नावावर करून घेतलेली नसते. त्यात पंधरा वर्षांच्या मोटारीच्या फेरनोंदणीचं शुल्क एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून थेट ५००० झालं. पर्यावरण कर वेगळाच.

कायदा तसा कडक आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२७ नुसार सार्वजनिक जागी दहा तास सोडून दिलेली गाडी पोलीस अधिकारी उचलायला लावू शकतो आणि टोइंगचा खर्च मालकाच्या माथी पडतो. दहा तास! प्रत्यक्षात गाड्या वर्षानुवर्षं हलत नाहीत. पोलीस महापालिकेकडे बोट दाखवतात, महापालिका पोलिसांकडे.

दरम्यान, टायरमध्ये वाटीभर पाणी साचलं तरी डेंग्यूच्या एडिस डासाचं काम भागतं. त्याची अंडी कोरड्यातही महिनोन्महिने टिकतात.

‘आमच्या रस्त्यावर जुनी गाडी पडली आहे’ एवढ्याच तक्रारीने काही होत नाही. गाडीचा नंबर, रंग, नेमकी जागा, कधीपासून उभी आहे आणि फोटो, एवढं देऊन वॉर्ड ऑफिसात लेखी अर्ज करावा, प्रत वाहतूक पोलिसांना द्यावी आणि पोच घ्यायला विसरू नये. मुंबईत महापालिकेचा १९१६ हा क्रमांक आहे, पुण्यात ‘पीएमसी केअर’. त्यानंतर गाडीवर नोटीस चिकटते. मुदतीत ती हलली नाही तर यार्डात जाते आणि तिथूनही कुणी सोडवली नाही तर लिलावात.

अचानक येऊन उभी राहिलेली, संशयास्पद गाडी असेल तर हात न लावता ११२ला फोन करावा. १० जुलै २०१४ रोजी पुण्यात फरासखाना पोलीस ठाण्याजवळ ज्या मोटारसायकलमध्ये स्फोट झाला, ती साताऱ्याहून चोरलेली होती.

आणि जुनी गाडी स्वतःचीच असेल तर ती नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात द्यावी. तिथल्या प्रमाणपत्रावर नव्या खासगी गाडीच्या करात २५ टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची तरतूद केंद्राच्या नियमांत आहे. परस्पर भंगारवाल्याला दिलेली गाडी नोंदणी रद्द होईपर्यंत कागदोपत्री जुन्या मालकाचीच राहते, आणि पुढे तिचं काही झालं तर पोलीस त्याच्याच दारात येतात.