बोर्डोत चुना नेमका किती? मोलचा हिशेब काय सांगतो

एक टक्का बोर्डोसाठी १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी. डाळिंब-द्राक्षवाल्यांना हे तोंडपाठ आहे. पण चुना किलोभरच का?

अकरावीच्या पुस्तकातलं समीकरण इथं कामाला येतं. सोप्या रूपात, मोरचुदाचा एक मोल विरवलेल्या चुन्याच्या एका मोलशी मिळून तांब्याचं हायड्रॉक्साइड आणि जिप्सम बनतं. प्रमाण एकास एक. मोल म्हणजे डझनासारखी मोजणीच, फक्त दर पदार्थाच्या मोलचं वजन वेगळं. मोरचुदाचं २५० ग्रॅम (खड्यातलं पाणी धरून, ते बरेच जण विसरतात), विरवलेल्या चुन्याचं ७४. म्हणजे किलोभर मोरचुदात ४ मोल. त्याला चुनाही ४ मोल, ४ गुणिले ७४, म्हणजे २९६ ग्रॅम.

मग उरलेले ७०० ग्रॅम कशाला? समीकरण शुद्ध चुना धरतं. दुकानातल्या चुन्यात खडे-माती असते, आणि उघडं पोतं हवा खाऊन निम्मं मेलेलं असतं. चुना कमी पडला की मोकळं तांबं कोवळी पानं करपवतं. म्हणून फवारणीआधी घासलेला लोखंडी खिळा मिश्रणात बुडवून बघावा. तांबडा थर चढला तर चुन्याची निवळी अजून घालावी, आणि खिळा पुन्हा बुडवावा.